निरोपाचा ढोल कुणी वाजवला?

१

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. दुआकेसे गावात जन्मलेली माणसंसुद्धा ही गोष्ट ऐकली की आधी सांगणाऱ्याच्या ताडीच्या भोपळ्यात डोकावतात आणि मग त्याच्या तोंडाकडे बघतात. तेव्हा सेर्वाबाई, तू आपली ताडी विक, मध्ये तोंड घालू नकोस. बाकीच्यांनी कोलाची बी दाढेखाली धरा आणि गप्प बसा. गोष्ट एवढीच, की दुआकेसेचे राजे नाना अक्रोफी एका पहाटे गावी गेले आणि न्याहारीच्या आत परत आले.

गावी गेले म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंच. राजाच्या बाबतीत तो दुसरा शब्द आपल्यात कुणी उच्चारत नाही. उच्चारला तर मेंढ्या द्याव्या लागतात. राजा आजारी आहे असंही म्हणायचं नाही. आपल्यात राजालाही नाना म्हणतात आणि म्हाताऱ्यालाही; तेव्हा नानांना जरा घाम येतोय, बस. त्या वर्षी नानांना पुष्कळ दिवस घाम येत होता. आतल्या खोलीचा पडदा पडलेला होता, वैदू मागच्या दाराने येत-जात होते, आणि सगळं गाव एकमेकांना विचारत होतं, "आज हवा कशी आहे?" हवेशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

बोआतेन हा नानांचा ओच्यामे होता. ओच्यामे म्हणजे राजाचं तोंड. नाना कुजबुजले की बोआतेन गरजायचा; आणि लोक ओरडले की त्या ओरडण्याला तेल-पाणी लावून, मऊ करून, तो नानांच्या कानात सोडायचा. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. त्याच्या बायकोला तर आयुष्यात एकदाही कळलं नाही, की जेवण आवडलं की नाही.

त्या पहाटे बोआतेन अंगणात दातण चघळत उभा होता. आणि राजवाड्याकडून ढोल वाजला.

पहिला बोल पूर्वजांना हाक मारतो. दुसरा नदीला. तिसरा वाटेला सांगतो की बाई गं, रुंद हो. आणि चौथ्यात, ज्याला जायचं त्याला निरोप. चारही बोल वाजले, एकामागून एक, सावकाश, जुन्या माणसाच्या चालीसारखे. बोआतेनच्या तोंडातून दातण पडलं.

शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला. "ओच्यामे, आज बाजार भरेल का हो?"

"वाटत नाही."

"मग मी तांबडं नेसतो."

तांबडं म्हणजे दुखवट्याचं. एवढंच बोलणं झालं. तोवर खालच्या आळीतून बायकांचा टाहो वर चढत आला होता. बोआतेन धोतराचा सोगा खांद्यावर फेकत राजवाड्याकडे धावला. ढोलघरासमोर सगळ्यांसारख्याच चपला काढल्या, आत पाय टाकला आणि जागच्या जागी उभा राहिला.

ढोलांच्या जोडीसमोर अग्येई उभा होता. राजपाटाचा शपथ घेतलेला ढोलवाला, आणि बोआतेनचा सख्खा जावई. दोन्ही वाकड्या काठ्या त्याच्या हातात होत्या, आणि दोन पंचांनी त्याचे दंड धरले होते.

"जावईबापू," बोआतेन हलकेच म्हणाला, "तुला हे कुणी सांगितलं होतं?"

अग्येईने मान हलवली.

इतक्यात राजमातेची दासी धावत आली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती बोआतेनच्या कानाशी लागली. "ओच्यामे, आत चला. ज्यांना आंघोळ घालायची, ते म्हणतायत पाणी गार आहे."

२

राजमाता अम्पोमा ही नानांची थोरली बहीण. राजा कोण व्हायचा ते तिच्या तोंडून ठरतं, आणि राजा गावी गेला की त्याला शेवटची आंघोळही तीच घालते. ढोल ऐकल्याबरोबर तिने कर्तव्य म्हणून घंगाळ, लिंबं आणि काथ्या घेतला आणि आतली खोली बंद केली.

"ये, दार लाव," ती बोआतेनला म्हणाली. "घाबरू नकोस. मी आधीच घाबरून घेतलंय."

नाना अक्रोफी पलंगावर उठून बसले होते. गाल बसलेले, पण डोळे चकचकीत. घाम कुठेच नव्हता.

"बोआतेन, हिला सांग," नाना म्हणाले, "आंघोळ घालायची तर पाणी तरी तापव. आणि लिंबू कशाला? मी काय मासा आहे?"

बोआतेनला हसावं की पाया पडावं कळेना. त्याने दोन्ही केलं.

"ताप उतरला?" त्याने विचारलं.

"कालच्या रात्रीत. भूकही लागली आहे." नानांनी कान टवकारले. "बाहेर गलका कसला?"

बोआतेनने राजमातेकडे पाहिलं. ढोल वाजल्यावर बंद खोलीत ढोलाचं नाव काढायचं नाही, असा नियम. खोलीत जो असेल त्याला ते कळता कामा नये.

"खालच्या आळीत कुणाची तरी शेळी व्यायली," राजमाता म्हणाली.

"असं का," नाना म्हणाले, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

राजमातेने बोआतेनला दाराशी नेलं. तिचा आवाज आता वेगळा झाला होता. "नियम तुला ठाऊक आहे. खोटा ढोल वाजवणारा दिवस मावळायच्या आत सापडला, तर ढोल खोटा ठरतो. नाही सापडला तर ढोल खरा, आणि पलंगावर बसलाय तो नाना नव्हे, कुणी भलताच. मग राजाच्या पाटावर नवा माणूस बसवावा लागेल."

"पाट भाच्याकडेच जातो, म्हणजे नवा माणूस अद्दाई. तुमचा मुलगा."

"म्हणूनच तुला सांगते आहे. माझ्या तोंडावर बघू नकोस, खऱ्यावर बघ. पंच आत्ताच म्हणतायत की अग्येईनं वाजवला. सोपं आहे ना? शपथेचा ढोलवाला खोटं वाजवेल तर त्याच्या काठ्या मोडायच्या आणि त्याला बायकोसकट वेशीबाहेर घालवायचं. नाना वाचले, पाट वाचला, सगळे घरी."

"आणि ती शिक्षा बोलून कोण दाखवणार?"

राजमातेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राजाचं तोंड कोण आहे, बोआतेन?"

बोआतेनची एकुलती एक मुलगी फोसुआ तेव्हा सातव्या महिन्यात होती.

३

ढोलघर म्हणजे चार खांब, पानांचं छप्पर आणि खाली राख पसरून सारखी केलेली जमीन. ती राख रोज संध्याकाळी नव्याने पसरतात. बोआतेनने सगळ्यांना बाहेर काढलं आणि गुडघ्यांवर बसून राख बघू लागला.

पंचांतला सगळ्यांत म्हातारा तुमासी दाराशी काठी टेकून उभा होता. "काय मुंग्या मोजतोस, ओच्यामे? काठ्या त्याच्या हातात होत्या. वाजवायचं येतं त्याला एकट्याला."

"तुमासीकाका, इकडे या. डोळे तुमचे चांगले आहेत."

"खोटं बोलतोस. पण गोड बोलतोस." म्हातारा वाकला.

राखेत पावलंच पावलं होती. सकाळी धावत आलेल्या सगळ्यांची. टाचा, चवडे, पाच-पाच बोटं. कारण ढोलांपुढे चपला घालून कोण जातो? पूर्वज बसलेले असतात तिथे. पण त्या सगळ्या पावलांच्या खाली, आधीची, एक वेगळीच रांग होती. बोटं नसलेली. सपाट. मागच्या अंगणाकडून ढोलांपर्यंत आलेली आणि परत गेलेली.

"चपला!" तुमासी थुंकला. "चपला घालून शिरला! कोण हा उंडगा?"

"आणि हे?" बोआतेनने ढोलांच्या पायथ्याशी बोट टेकवलं. राख तिथे भिजून काळी झाली होती. त्याने बोट हुंगलं. जिन. कुणीतरी वाजवण्याआधी पूर्वजांना दारू ओतली होती, तीही पद्धतशीर, तीन ठिकाणी.

"हे बरं केलं त्यानं," तुमासी नकळत म्हणाला, आणि मग गोंधळला. "पण ज्याला पूर्वजांची एवढी चाड, तो चपला घालून येईल कसा?"

"तेच मी मनात म्हणत होतो."

"आणि वाजवला सुरेख, हे खरं बाबा. चारही बोल. मी पोरगेला असताना नानांच्या मामांसाठी वाजला होता, तेव्हा ऐकलेला. नंतर आजच. अंगावर काटा आला."

अग्येईला बाहेरच्या झाडाखाली बसवलं होतं. बोआतेन त्याच्याशेजारी बसला.

"काठ्या तुझ्या हातात कशा आल्या?"

"राखेत पडल्या होत्या. पडू देतात का? उचलल्या."

"तू आलास तेव्हा कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग पंचांना सांग ना, मी नाही वाजवला म्हणून. शपथेवर सांग."

अग्येईने हातावरची राख पुसली.

"ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

४

चपला घालून ढोलघरात शिरेल अशी गावात दोनच माणसं होती. तो आधी शाळेत गेला.

डान्सो मास्तर किनाऱ्याकडचे. बूट, पायमोजे, पांढरी टोपी. ढोल हा अज्ञानाचा आवाज आहे, असं ते दर शनिवारी मुलांकडून पाठ करून घ्यायचे. ढोलघरासमोर बूट काढायला ते एकदा साफ नाही म्हणाले होते, आणि त्यावरून मोठा तंटा झाला होता.

"गुरुजी, आज पहाटे हवा कशी होती?" बोआतेनने सुरुवात केली.

"सरळ विचारा ओच्यामे. राजा मे..."

"गुरुजी!" बोआतेनने दोन्ही कान झाकले. "मेंढ्या परवडतील का तुम्हाला?"

मास्तर चरफडले. "मी वाजवला असं म्हणायचंय? मी? अहो, मला त्या लाकडाला हात लावायची किळस येते."

"आणि जिन?"

"दारूचा थेंब माझ्या घरात येत नाही. जमिनीवर ओतणं तर लांबच. पिणं हे पाप आणि ओतणं हा मूर्खपणा, असं मी शिकवतो."

बोआतेनला ते पटलं. असा माणूस ढोल फोडेल, पण पूर्वजांना पाजून मग वाजवणार नाही.

अद्दाई बाजारच्या चौकात आपल्या मोटारीला टेकून उभा होता. राजमातेचा मुलगा, कुमासी शहरात लाकडाचा धंदा. कालच संध्याकाळी मामांची हवा विचारायला आला होता, आणि येताना एक लांबलचक नवं रेशमी वस्त्र घेऊन आला होता. पायात टोकदार इंग्रजी बूट.

"ओच्यामे, मला बघू नका असं," तो आधीच म्हणाला. "सगळेच बघतायत. मघापासून तिघं मला 'नाना' म्हणून गेले. मला घाम फुटलाय. खराखुरा."

"तुम्हाला पाट नको?"

"हवा होता. काल हवा होता." त्याने आवाज खाली आणला. "आज पहाटे ढोल वाजला आणि पहिला विचार काय आला माहितीये? आता अनवाणी पाय जमिनीला टेकवायचा नाही, रस्त्यावर उभ्याने काही खायचं नाही, मोटार स्वतः चालवायची नाही. मी मोटारीत जाऊन बसलो आणि दार लावून घेतलं. पंचांनी बाहेर काढलं."

"ढोल वाजवता येतो?"

अद्दाईने मोटारीच्या टपावर बोटं आपटली. शेजारचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं.

"पुरे," बोआतेन म्हणाला.

सूर्य कलला होता. दोन चपलावाले, आणि दोघांपैकी एकाला पूर्वज नकोत, दुसऱ्याला ताल नाही. चौकात पंचांची बाकं मांडायला सुरुवात झाली होती. तुमासीने लांबूनच हाक मारली. "ओच्यामे, जावयासाठी शब्द तयार ठेव! गोड असले तरी चालतील!"

५

बोआतेन घरी गेला, म्हणजे मुलीच्या घरी. दाराशीच फोसुआ ओरडली, "बाबा, चपला काढा! आत्ताच सारवलंय."

"घर सोडायला निघालीस आणि सारवतेस?"

"सोडायचं म्हणून घाण ठेवून जाऊ का?" ती बोलता बोलता रडायला लागली, आणि रडता रडता चिडली. "तुमचा जावई मूर्ख आहे. सांगत का नाही तो?"

"काय सांगत नाही?"

फोसुआने खांद्यावरचं कापड बाजूला केलं. खांद्याच्या मागे बोटांचे तांबडे ठसे होते. "हे बघा. निरोपाचा ढोल लाकडावर शिकता येत नाही ना? वाजला की खरा. म्हणून गुरू शिष्याच्या खांद्यावर बोटांनी वाजवून शिकवतो. याचा गुरू गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या बोलाच्या मध्यात झोपला तो उठलाच नाही. तेव्हापासून रोज रात्री हा माझ्या खांद्यावर वाजवतो. पहिला येतो, दुसरा येतो, तिसऱ्याशी वाटेतच बसकण मारतो. चौथ्याचा तर पत्ता नाही."

बोआतेनला आता कळलं. मला येत नाही म्हणावं, तर राजाला निरोप देता न येणारा ढोलवाला म्हणून काठ्या जाणार. गप्प बसावं, तर खोटारडा म्हणून जाणार. पोराने खोटारडेपण निवडलं होतं. अडाण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटलं असावं.

"म्हणजे त्यानं नाही वाजवला, हे नक्की. पण हे पंचांपुढे सांगितलं तरी तो बुडतो."

"मग कुणी वाजवला? चपला घालून शिरलेला होता म्हणे?"

"हो. पण जिन ओतून. चपला घातलेला, पूर्वजांना मानणारा, चारही बोल येणारा. असा माणूस गावात नाही पोरी. पूर्वजांना मानतो त्याला चपला काढाव्याच लागतात."

"सगळ्यांनाच काढाव्या लागतात," फोसुआ नाक पुसत म्हणाली. "माझ्या घरात तर तुम्हालासुद्धा."

बोआतेनने दारातल्या आपल्या चपलांकडे पाहिलं.

"सगळ्यांना नाही," तो म्हणाला. "एकाला काढायला बंदी आहे."

आणि तो गर्रकन वळला आणि अनवाणीच, चपला मुलीच्या दारात टाकून, राजवाड्याकडे पळत सुटला.

६

नाना भाजलेलं केळं खात होते. बोआतेन आला तो सरळ पलंगाखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नानांच्या रुंद, सोन्याच्या फुलांच्या चपला होत्या. त्याने त्या उलट्या केल्या. तळाला राख चिकटली होती, जिनने भिजून गारा झालेली.

राजमातेने त्या चपलांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"अक्रोफी," ती म्हणाली. राजाला नावाने हाक मारायचा हक्क गावात तिला एकटीलाच होता, आणि तो तिने त्याच्या वयाच्या आठव्या वर्षानंतर वापरला नव्हता.

नानांनी केळं खाली ठेवलं.

"ताप उतरला आणि झोप उडाली," ते हळूच म्हणाले. "पंखेवाला पंखा तोंडावर घेऊन घोरत होता. पडल्या पडल्या मनात आलं, म्हातारा गुरू गेला. त्या पोराला सगळे बोल दिले असतील का? मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. येत नाही त्याला. मग गावात येतं कुणाला? मला. मामांच्या वेळी मी ढोलाला टेकून उभा होतो. मांडीवर बोटं वाजवून बघितली, तर आठवेना. म्हटलं, काठी हातात घेतली तर आठवेल. हळूच वाजवू."

"हळूच!" राजमाता म्हणाली.

"सुरुवात हळूच केली गं. पण आठवायला लागलं. आणि मग..." नाना थांबले. "ताई, तो ढोल सगळ्या गावाला ऐकू येतो. ज्याचा असतो त्याला एकट्याला ऐकू येत नाही. मला एकदा ऐकायचा होता. फार चांगला आहे गं तो. चौथा बोल संपला आणि बायका रडायला लागल्या. मला वाटलं, किती माया आहे यांची! मग लक्षात आलं की मी काय करून बसलोय. काठ्या टाकल्या, पळालो आणि पांघरूण घेतलं."

"दिवसभर गप्प का बसलास?"

"तू शेळी व्यायली म्हणालीस. मला वाटलं, सावरून घेतलंस तू."

"नाना," बोआतेन म्हणाला, "बाहेर अग्येईच्या काठ्या मोडायला काढल्या आहेत."

नाना अक्रोफींचा चेहरा उतरला. तापातही तो कधी तसा दिसला नव्हता. ते पलंगावरून पाय खाली सोडून बसले आणि त्यांनी चपलांसाठी पाय पुढे केले.

चौकात सगळं गाव तांबडं नेसून बसलं होतं. अग्येई मधोमध उभा होता. त्याच्या मागे, पोटावर हात ठेवून, फोसुआ. तुमासीच्या मांडीवर त्या दोन काठ्या होत्या.

"बोल, ओच्यामे," तुमासी म्हणाला. "सूर्य टेकला."

बोआतेनने घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आडवळणाने न बोलता सरळ बोलला. "ज्यानं ढोल वाजवला त्याच्या पायात चपला होत्या. तुमासीकाकांनी पाहिलंय. त्यानं आधी पूर्वजांना जिन ओतली. हेही पाहिलंय. त्याला चारही बोल येत होते. हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आता मला सांगा. पूर्वजांना मानतो, तरी त्यांच्यापुढे चपला काढत नाही, असं कोण?"

"नास्तिक!" कुणीतरी ओरडलं. डान्सो मास्तर दोन पावलं मागे सरकले.

"नास्तिक जिन ओतत नाही. काढत नाही म्हणजे काढायची इच्छा नाही, असं का धरता? काढायची परवानगीच नसेल तर? ज्याचा उघडा पाय जमिनीला लागला तर गावावर दुष्काळ येतो..."

तो पुढे बोललाच नाही. राजवाड्याचं दार उघडलं होतं, आणि मानाच्या छत्रीशिवाय, बहिणीचा हात धरून, नाना अक्रोफी पायऱ्या उतरत होते.

काय सांगू! अर्धं गाव झाडांवर चढलं. अद्दाईची मोटार सुरू झाली आणि चालवणारा आत नसतानाच वेशीपर्यंत गेली. तुमासी डोळे मिटून ओरडला, "मीठ! मीठ आणा!" कारण तुम्हाला ठाऊक आहे, पलीकडे गेलेल्यांना मीठ चालत नाही, त्यांचा रताळ्याचा नैवेद्य अळणीच असतो. कुणीतरी मुठीने मीठ आणलं. नानांनी चिमूट जिभेवर ठेवली, चघळली आणि म्हणाले, "अजून."

मग जो हशा उठला, तो नदीपलीकडच्या गावात ऐकू गेला. बायका रडत होत्या त्याच हसायला लागल्या, एका गालावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. फोसुआ खाली बसली ती तीन बायांनी उचलली तेव्हा उठली.

"पण शिक्षा?" तुमासी म्हणाला. पंच तो पंच. "शपथ न घेतलेल्यानं ढोल वाजवला तर सात मेंढ्या दंड. तो राजाला द्यायचा."

"कबूल," नाना म्हणाले. "राजा राजाला सात मेंढ्या देतो आहे. घेतल्या." मग गर्दीकडे बघून, "चुली पेटवा!"

जाता जाता ते अग्येईपाशी थांबले. आता गर्दी, गोंगाट, मेंढ्यांची बें-बें. त्यांनी अग्येईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चार बोटं तिथे हलली. अगदी हलकी. फक्त खांद्यालाच कळावी अशी. अग्येईने झटकन वर पाहिलं.

"वाटेपासून पुढे," नाना पुटपुटले. "उद्यापासून रोज ये. मला करमत नाही म्हणून येतोस, असं सांग."

फोसुआने ते पाहिलं, आणि स्वतःचा खांदा चोळत एवढंच म्हणाली, "सुटले बाई."

आता शेवटचं ऐका. निरोपाचा ढोल एका माणसासाठी एकदाच वाजतो, हा नियम. नानांचा वाजून गेला होता. म्हणजे आता जायचं तर जायचं कसं? पूर्वज वाट बघत होते, पण बोलावणं कुणी धाडणार? म्हणून नाना अक्रोफी गेलेच नाहीत. आजही आतल्या खोलीत बसलेत, एकशे तीस वर्षांचे, दात नव्याने आले आहेत, भाजलेली केळी खातात, आणि त्या अग्येईला निरोपाचा ढोल कधी वाजवावाच...

"खोटं!" ताडीचा माठ खाली आपटून सेर्वा ओरडली. "साफ खोटं! नाना खरोखरचे गावी गेले त्या पहाटे मी नाकात बोट घालायच्या वयाची होते, पण कान होते मला. ढोल वाजला. चारही बोल वाजले, एकही अडला नाही. आणि वाजवला तुम्ही, अग्येईनाना. काठ्या ठेवल्यात आणि तिथंच राखेत बसून लेकरासारखे रडत होतात. माझ्या आईनं तुम्हाला पाणी पाजलं."